कोठीतला गारठलेला प्रोजेक्टर हॉलमध्ये आणल्या आणल्या लावावा का?

लष्करची_सूनबाई

नमस्कार. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू येत्या रविवारी सकाळी 11 वाजता आहे. यंदा मुलांनी घरोघरी फिरून जुने फोटो जमवलेत, ते पडद्यावर दाखवायचे ठरलंय. कोणाच्या पणजीचा नऊवारीतला, कोणाच्या आजोबांचा किल्ल्याच्या चढावर सायकल धरून काढलेला. फोटो स्कॅन झाले, क्रम लागला, निवेदन पाठ झालं. अडलंय सामानापाशी.

सामान म्हणजे लॅम्पवाला जुना प्रोजेक्टर, एक जड अ‍ॅम्प्लिफायर, दोन कॉर्डलेस माइक, एक कंडेन्सर माइक आणि हार्ड डिस्कवाला लॅपटॉप. लॅपटॉप मंडळाचाच, म्हणून तोही बाकीच्यांबरोबर मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या कोठीत राहतो. सध्या पहाटे पारा चार-पाचावर असतो आणि कोहरा इतका की गल्लीच्या तोंडावरची जिलबीची कढई दिसत नाही, नुसता वास येतो. कोठीत हात घातला की अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा चटका बसावा तसा गार लागतो. हॉल मात्र एकदम ऊबदार. दारं-खिडक्या लावलेल्या, कोपऱ्यात गॅसच्या भट्टीवर चहा, आणि साठ-सत्तर बायका-मुलं.

दत्तजयंतीला प्रोजेक्टर कोठीतून काढून थेट लावला होता. पडद्यावरचं सगळं चित्र पांढुरकं, पुसट. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप निवळलं. कंडेन्सर माइक तर कार्यक्रमभर तडतडत होता.

आता घरात आणि मंडळात तीन मतं आहेत. आमचे कार्याध्यक्ष काका म्हणतात, मशीनच आहे, चालू केलं की गरम होईल आणि गरम झालं की ओल उडेल. धाकटे दीर म्हणतात, दोन तास कोणी हात लावायचा नाही. सासूबाई म्हणतात, आदल्या रात्रीच आत आणा आणि वरून रजई घाला. कोणाचं ऐकू? नवा प्रोजेक्टर घ्यायला मंडळाकडे पैसे नाहीत, एवढं आधीच सांगते.

मुरारकर

ताई, इतका विचार करू नका. मागच्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून 43 इंची टीव्ही उचलला, टेम्पोत घालून संध्याकाळी मुरारला आणला, खोक्यातून काढला आणि लगेच मॅच लावली. मस्त चालतोय. पुस्तिकेत कंपन्या काय वाट्टेल ते लिहितात, उद्या बिघडलं तर त्यांच्या अंगावर यायला नको म्हणून.

सोल्डरकाका

सूनबाई, दौलतगंजात माझं टीव्ही-व्हीसीआर रिपेरिंगचं दुकान. आता पुढच्या काउंटरवर मुलगा मोबाइलचं बघतो आणि मी मागच्या टेबलावर बसून ज्यांना कोणी हात लावत नाही असली जुनी मशिनं उघडतो. तेव्हा उत्तर लांबणार.

निव्वळ गारठ्याने आपल्याकडचं मशीन मरत नाही. 5 अंशांवरचा अ‍ॅम्प्लिफायर 5 अंशांच्याच खोलीत लावा, बिनतक्रार वाजेल. भानगड होते ती गार मशीन दमट उबेत आल्यावर. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तेच. फरक एवढाच की मशीनला तो घाम आतूनही फुटतो, जिथे तुमची नजर जात नाही.

आता तुमच्या हॉलचा हिशेब करू. समजा आत 21 अंश आहे आणि आर्द्रता 60 टक्के. अशा हवेचा दवबिंदू 13 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे त्या हॉलमध्ये 13 पेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरणार, मग तो प्रोजेक्टर असो की कोठीतून आणलेली लोखंडी खुर्ची. तुमचा प्रोजेक्टर येतो 5-6 वर. तो 13 च्या वर चढेपर्यंत त्याच्यावर पाणी जमतच राहतं. लेन्सवर जमलेलं तुम्हाला दत्तजयंतीला पडद्यावर दिसलं. आतल्या बोर्डावर जमलेलं कोणाला दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही.

आणि हॉल दमट का, तर निम्मं कारण तुमची चहाची भट्टी. स्वयंपाकाचा गॅस जळताना पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही: एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. वर चहाची स्वतःची वाफ. बसलेला माणूसही श्वासातून आणि अंगातून तासाला 40-50 ग्रॅम पाणी सोडतो. सत्तर बायका असल्या तर तासाला तीनेक लिटर झालं, आणि दारं बंद! विजेच्या हीटरचं तसं नाही. तो हवा तापवतो, पाणी घालत नाही. पहिलं काम म्हणून भट्टी बाहेर ओसरीवर हलवा. चहा तिथून आत आणायला दोन पोरं लागतील, ती मिळतात.

मुरारकर, तुमचा टीव्ही का वाचला ते सांगतो. आपल्या जुन्या घरांत हिवाळ्यात आत आणि बाहेर फरक किती असतो? दोन-चार अंश. आपण घर तापवतच नाही, आपण स्वतःला गुंडाळतो. टेम्पोत टीव्ही 14 वर आला, तुमच्या बैठकीत 17, हवा तीच. दव धरायला कारणच नव्हतं. शिवाय थर्मोकोलच्या खोक्यात तो दुपारच्या दुकानातली ऊब घेऊन निघालेला. याच टीव्हीला रात्रभर टेम्पोत कोहऱ्यात ठेवून सकाळी गॅस-हीटर चालू असलेल्या बंद खोलीत आणा आणि मग मला बोलवा.

मेळा तसा 1905 पासून भरतोय, पण त्यात टीव्ही-फ्रिजची दुकानं लागायला लागली तेव्हापासून जानेवारीत माझ्या टेबलावर एक ठरलेली तक्रार येते: नवाकोरा आणला, लावला, एक 'टक्' आवाज आणि बंद. सगळेच दवाने गेलेले नसतात. काही टेम्पोतल्या दणक्यांनी जातात, काही घरच्या व्होल्टेजने. पण उघडल्यावर पॉवर सप्लायच्या भागात पाण्याचे सुकलेले ठिपके दिसले की मला वेगळं विचारावं लागत नाही.

आता कार्याध्यक्षांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच घातक. मशीन गरम झालं की ओल उडते, कबूल. पण कोणत्या क्रमाने? बटण दाबल्या क्षणी वीज सगळीकडे पोचते, ऊब मात्र मिनिटा-मिनिटाने. आजकालच्या बहुतेक पॉवर सप्लायमध्ये 230 व्होल्टची वीज आधी सरळ करून घेतात, ती सव्वातीनशे व्होल्टच्या घरात जाते. दोन तारांमध्ये अंतर काही मिलिमीटर. मधे निव्वळ शुद्ध पाणी असतं तर एक वेळ चाललं असतं, शुद्ध पाणी विजेला फारसं जाऊ देत नाही. पण कोठीतल्या मशीनवर वर्षाची धूळ असते, बोर्डावर सोल्डरिंगचा चिकटा असतो. ते पाण्यात विरघळलं की वाट तयार. कधी फ्यूज जातो, कधी काहीच होत नाही आणि दोन वर्षांनी तांब्याच्या रेषा हिरव्या पडलेल्या सापडतात.

आणि हो, 'बंद आहे' म्हणजे प्लग काढलेला आहे असं नव्हे. टीव्ही, प्रोजेक्टर स्टँडबायला असले तरी त्या सव्वातीनशे व्होल्टच्या भागात वीज खेळत असते. थांबायचं तर प्लग काढून थांबायचं.

आमच्या काळात हे मशीन स्वतःच सांगायचं. व्हीसीआरमध्ये आणि व्हिडिओ कॅमेऱ्यात दवाचा सेन्सर असे. आत फिरणारं डोकं, ज्याला आम्ही ड्रम म्हणायचो, मिनिटाला 1500 फेरे घ्यायचं आणि टेप त्याला लगटून जायची. ड्रमवर ओल असली तर टेप चिकटून गुंडाळली जाणार, म्हणून सेन्सरला ओल लागली की पडद्यावर 'ड्यू' अशी अक्षरं येऊन सगळं ठप्प. लग्नाचे व्हिडिओवाले यानेच हैराण. जानेवारीचं लग्न, बाहेर कोहऱ्यात तासभर वरात काढून माणूस मांडवात शिरला, आत पाचशे लोक आणि होमाचा धूर, आणि ऐन अंतरपाटाच्या वेळी कॅमेऱ्यावर 'ड्यू'. पुस्तिकेत लिहिलेलं असायचं, सुमारे तासभर थांबा. भटजी कशाला थांबतात! मुहूर्त निघून जायचा आणि कॅसेटमध्ये थेट जेवणाच्या पंगती. आता टेप गेली, ड्रम गेला, त्याबरोबर सांगणारा सेन्सरही बहुतेक मशिनांतून गेला. ओल तिथेच आहे.

गच्चीवरचा (इंदूर)

काकांशी सहमत. आमच्या इंदुरात थंडी तुमच्याइतकी नसते, पण मी रात्री गच्चीवर दुर्बीण लावतो, त्यामुळे दवाशी रोजचं वैर आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

एक म्हणजे पिशवी. गार वस्तू आत आणायच्या आधी, म्हणजे बाहेरच, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं. पिशवीत जी हवा कोंडली जाते ती बाहेरची गार हवा, तिच्यात पाणी मुळातच कमी. 6 अंशांची हवा कितीही ओली असली, अगदी कोहऱ्याची असली, तरी तिच्यातली वाफ घनमीटरला 7 ग्रॅमच्या आसपास. काकांनी सांगितलेल्या हॉलच्या हवेत ती 11 ग्रॅम. पिशवी बंद असली की हॉलमधलं पाणी पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं आणि आतली वस्तू कोरडी राहून तापते. आत आणून मग पिशवीत घातलं तर काहीच उपयोग नाही, उलट ओल कोंडून बसते. व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांतही हाच उपाय छापलेला असायचा.

दुसरी गोष्ट उघड्यावर कार्यक्रम करणाऱ्यांसाठी. रात्री मोकळ्या आकाशाखाली ठेवलेली वस्तू आपली ऊब आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही दोन-चार अंश गार होते. म्हणून गाडीच्या टपावर दव पडतं आणि शेजारच्या पोर्चमधल्या गाडीवर पडत नाही. मिक्सर, स्पीकर रात्रभर मांडवात ठेवावे लागले तर वर नुसतं छत असलं तरी बराच फरक पडतो, चादर टाकली तर आणखी बरं. दुर्बिणीच्या काचेला आम्ही पुढे लांब नळकांडं लावतो, तेही याचसाठी, आणि कडेला थोडे वॉट खाणारी तापपट्टी. काच हवेपेक्षा जराशी गरम राहिली की पुरे.

सिलिका जेलच्या पुड्या पिशवीत टाकल्या तर छान, नाही टाकल्या तरी त्या दोन तासांत फरक पडणार नाही.

सोल्डरकाका

इंदूरकर, पिशवीचं अगदी बरोबर, मी तिकडेच येत होतो. सिलिका जेलबद्दल मात्र थोडं भांडतो. दोन तासांसाठी नको, पण कोठीत बारा महिने पडणाऱ्या सामानाला हवंच. पत्र्याची कोठी दुपारी तापते, पहाटे गारठते, रोज आत-बाहेर हवा खेळते. पावसाळ्यात तर विचारूच नका. झाकणाच्या पेटीत मूठ-दोन मूठ जेल ठेवा. निळं असेल तर ओल प्याल्यावर गुलाबी होतं. मग वेगळ्या पत्र्याच्या थाळीत मंद आचेवर परतलं की पुन्हा निळं. निळ्यात कोबाल्ट असतं, तेव्हा स्वयंपाकाची कढई वापरू नका आणि मुलांच्या हाती लागू देऊ नका. नारिंगी मिळालं तर तेच घ्या. आणि कृपा करून तांदळात काही पुरू नका. तांदूळ खीर करायला ठेवा.

लष्करची_सूनबाई

काका, दादा, मनापासून आभार. भट्टीचा हिशेब वाचून घरात सगळे अवाक झाले. सासूबाईंना ओसरीची कल्पना लगेच पटली. आत धग लागते म्हणून त्यांनाही ती भट्टी नकोच होती.

पण रजईचं काय? आणि नेमका किती वेळ, ते कोणीच सांगितलं नाही. दिरांचे दोन तास बरोबर आहेत का? लॅपटॉपची बॅटरी गार असताना चार्जिंगला लावली तर चालते का? मुलं म्हणतात फोन थंडीत चार्ज करू नये.

लेहचा_पाहुणा

बॅटरीचं मी सांगतो. नोकरीमुळे दोन हिवाळे लेहला काढले, मूळचा ग्वाल्हेरच्या कंपू भागातला. लिथियम बॅटरी शून्याखाली गेली असताना चार्ज केली तर लिथियम जिथे मुरायला हवं तिथे न मुरता धातूच्या थराने वरवर बसतं. तेवढी बॅटरी कायमची कमी होते आणि जास्त झालं तर धोक्याचीही ठरते. बरेच फोन म्हणूनच अति गार असताना चार्जिंग स्वतःच थांबवतात. वापरायला मनाई नाही, फक्त चार्ज भराभर उतरतो आणि उबेला आला की बराचसा परत दिसतो.

ग्वाल्हेरला तुमची कोठी 4-5 अंशांवर आहे, शून्याखाली नाही. तेव्हा घाबरण्यासारखं नाही, पण लॅपटॉप कोठीत ठेवायचाच कशाला? घरी न्या. त्यात फिरती हार्ड डिस्क आहे. तिचं वाचणारं टोक तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. हार्ड डिस्कवाल्या कंपन्या तापमान किती अंशांपर्यंत चालेल एवढंच सांगत नाहीत, ते किती वेगाने बदललेलं चालेल तेही लिहितात. चालू डिस्कसाठी तासाला 20 अंशांच्या आत, असा आकडा मी वाचलेला आहे, आणि वर 'दव धरता कामा नये' ही अट असतेच. फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. हे थंडी नसतानाही सांगितलं असतं.

कॉर्डलेस माइकचे सेल मात्र आदल्या रात्रीपासून घरात ठेवा आणि नेताना खिशात. साधे अल्कलाइन सेल गार असले की जोर देत नाहीत, आणि ऐन निवेदनात माइक मुका झाला की सगळे तो चालवणाऱ्याकडे बघतात.

मुरारकर

एक शंका. मशीन चालू ठेवलं की ते हवेपेक्षा गरमच राहणार, मग त्याच्यावर दव धरणारच नाही. म्हणजे कार्याध्यक्ष बरोबरच ना? कोठीतच चालू करून, गरम करून मग आत आणलं तर?

सोल्डरकाका

मुरारकर, आज डोकं चांगलं चाललंय तुमचं. तत्त्व बरोबर आहे. चालू, गरम मशीनवर दव धरत नाही. कार्यक्रम दोन दिवस उघड्या मांडवात असेल तर मीही सांगतो, रात्री अ‍ॅम्प्लिफायर बंद करू नका, आवाज शून्यावर आणून तसाच राहू द्या, वर छत आणि शेजारी माणूस असला म्हणजे झालं. कोठीत चालू करायलाही हरकत नाही, तिथे मशीन आणि हवा एकाच तापमानाला आहेत. पण प्रोजेक्टर चालू अवस्थेत अंगणातून नेणार कसा? बंद करावा लागणार, आणि लॅम्प तापलेला असताना हलवला की लॅम्प जाण्याची भीती. तो निवेपर्यंत पंखा चालू द्यायचा असतो, म्हणजे बाकीचं मशीन पुन्हा गार. थोडक्यात वर्गात उत्तर बरोबर, अंगणात अवघड.

सूनबाई, आता वेळेचं. सरसकट 'दोन तास' हे उत्तर मला कधीच पटलं नाही, कारण प्लॅस्टिकचा हलका प्रोजेक्टर आणि ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायर एका वेगाने तापत नाहीत. प्रोजेक्टर दीड-दोन तासांत ठीक होईल. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कित्येक किलो लोखंड आणि तांबं आहे, ते गारठा धरून बसतं. त्याला तीन-चार तास द्या, रात्र दिली तर उत्तम. पूर्ण खोलीइतकं तापायची वाट बघायची गरज नसते, दवबिंदू ओलांडला की काम झालं. पण तो ओलांडला की नाही ते हॉलमध्ये मोजणार कोण, म्हणून खोलीइतकं होऊ द्यावं.

ओळखायची साधी खूण पिशवीच देते. बाहेरून थेंब धरलेत, म्हणजे आतलं अजून गार आहे, उघडू नका. पिशवी बाहेरून कोरडी, आणि वरून हात दाबल्यावर पत्रा गार लागत नाही, तेव्हा गाठ सोडा.

सासूबाईंचा सल्ला तिघांत सगळ्यात चांगला. आदल्या रात्री आत आणणं हेच खरं उत्तर. फक्त रजई वजा करा. रजई ऊब तयार करत नाही, आहे ते टिकवते. आपण तिच्यात शिरतो तेव्हा ऊब आपली असते. गार अ‍ॅम्प्लिफायरवर घातलीत तर ती त्याचा गारठा सकाळपर्यंत सांभाळून ठेवेल. त्यांना हे माझं नाव घेऊन सांगा, तुमच्या तोंडून गेलं तर संक्रांत कडू व्हायची.

तर असं करा. शनिवारी संध्याकाळी कोठीतच एकेक वस्तू पिशवीत घाला, हवा जमेल तेवढी दाबून काढा, तोंडाला रबर. मग पिशवीसकट घरात न्या, बैठकीच्या खोलीत ठेवा, स्वयंपाकघरात नाही. रविवारी सकाळी गाडीने हॉलवर न्यायचं ते त्याच बांधलेल्या पिशवीत. वाटेत थोडं निवेल, चालेल. नऊपासून हॉलमध्ये विजेचा ब्लोअर लावा, गॅस पेटवू नका. सव्वादहाच्या सुमारास पिशव्या उघडा, आधी अ‍ॅम्प्लिफायर, मग लॅपटॉप, शेवटी प्रोजेक्टर असं चालू करा, आणि माणसं यायच्या आधी सगळं चालू असू द्या. इथे मुरारकरांचं तत्त्व उपयोगी पडतं. एकदा मशीन गरम झालं की मग सत्तर काय, दीडशे बायका आल्या तरी त्यावर दव धरणार नाही. मधे चहापानाला प्रोजेक्टर बंद करायचा मोह होईल, करू नका. काळा पडदा दाखवा.

लेन्स धुरकट दिसलीच तर पदराने पुसू नका. कोठीची धूळ तिच्यावर असते, काचेवर कायमचे ओरखडे जातात. हेअर ड्रायरही मारू नका. पुढची काच निवळते, आतली ओल आणखी आत जाते. पंखा लावून वाट बघा.

कंडेन्सर माइकची तडतड त्याच दवाने होती. त्याच्या पडद्यामागे विजेचा भार साठवलेला असतो, ओलीत तो झिरपतो आणि तडतड ऐकू येते. सुकला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो. तोही शनिवारीच घरी न्या, डबीसकट. सुधारला नाही तर दुकानात आणा, बघू. साध्या डायनॅमिक माइकमध्ये असा भार साठवलेला नसतो, म्हणून तो यातून सुटतो, निवेदनाला तोच द्या.

लष्करची_सूनबाई

सगळं लिहून घेतलं आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. कार्याध्यक्ष काकांनी अंगठा दाखवलाय, पण खाली लिहिलंय 'दत्तजयंतीला चाललं होतंच की'. असो.

सासूबाईंना रजईचं तुमच्या नावाने सांगितलं. म्हणाल्या, मग नुसती सुती चादर घालू का, धूळ बसू नये म्हणून? मी हो म्हटलंय.

एकच राहिलं. एवढ्या मोठ्या पिशव्या कुठून आणू? अ‍ॅम्प्लिफायर चांगला हातभर रुंद आहे. घरात गाद्यांवरून काढलेली जाड प्लॅस्टिकची खोळ आहे, ती चालेल का? आणि कोठीची किल्ली कार्याध्यक्षांकडेच असते.

सोल्डरकाका

गादीची खोळ उत्तम, जाड असते. उजेडासमोर धरून भोकं बघा, सापडली तर चिकटपट्टी लावा. फरशीवर ओढू नका, अ‍ॅम्प्लिफायरच्या बुडाचे स्क्रू तिला फाडतात. खाली पुठ्ठा घालून दोघांनी उचला. चादर खोळीच्या वरून घाला, आत नको, सुती कापडात स्वतःची ओल असते.

किल्ली शुक्रवारीच मागून घ्या. शनिवारी त्यांना बाड्यावरच्या बाजारात तिळगूळ आणायला पाठवतील, मग रात्रीपर्यंत सापडायचे नाहीत.